चहाची खिडकी

मंजुळाबाई झांबरेंना लहानपणापासून एक खोड. झाकलेलं काही दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. वडनेर भोलजीला माहेरी होत्या तेव्हा शेजारणीच्या चुलीवरचं झाकण उचलून बघायच्या, आणि नुसत्या बघून थांबतील तर शपथ! वर "मीठ कमी हाय वं माय" असं सांगूनही यायच्या. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "हे पोरगी यमाच्या दारातबी डोकावून पाहीन, आत कोन कोन बसलं हाय म्हनून."

अशा बाईला सासर कुठलं मिळावं? मलकापुरात, जुन्या बँकेच्या पाठीला टेकलेली चहाची टपरी, आणि त्याच बँकेत पाऊल टाकायची घराला बंदी. देवालाही कधीकधी रिकामा वेळ असतो, दुसरं काय.

ही जुनी बँक म्हणजे कापसाच्या भरभराटीच्या दिवसांत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभी केलेली दगडी इमारत. कुणी एक शेठ मुंबईला फोर्टातल्या बँका बघून आला आणि गवंड्याला म्हणाला, अशीच पाहिजे, फक्त जरा लहान. म्हणून तिला पुढून चार गोल खांब आहेत, उंच पायऱ्या आहेत आणि दारावर सिंहाचं तोंड आहे. गवंड्यानं बिचाऱ्यानं सिंह जन्मात पाहिला नव्हता. त्यानं घरचा बोका समोर बसवला असावा, कारण सिंहाच्या चेहऱ्यावर दूध सांडल्याचा भाव स्पष्ट दिसतो. गाव तिला मुंबईच्या बँकेची धाकटी बहीण म्हणायचं, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की ती दाखवायला न्यायचं.

हा थाट सगळा पुढच्या रस्त्यावर. मागच्या बोळात खांब नाहीत आणि सिंहही नाही. तिथे जाडजूड काळी भिंत, समोर बंद पडलेली, कापसाची सरकी काढायची जिनिंग, आणि भिंतीत छातीच्या उंचीवर एक वीतभर रुंद खिडकी. खिडकीला आतून लाकडी झडप. झडपेच्या आत फळी, आणि फळीच्या वर पुन्हा आडवी लाकडी पट्टी, अशी की बाहेरच्याला आतला हात दिसावा, माणूस दिसू नये. आतल्यालाही तसंच. ही चहाची खिडकी.

ती का पाडली, त्याची गोष्ट झांबऱ्यांच्या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जायची. पूर्वी कापसाचा भाव मुंबईहून तारेनं यायचा. कोणत्या शेठनं आज बँकेतून मोठी रक्कम उचलली हे बाहेर फुटलं, की तो खरेदीला निघाला हे सगळ्यांना कळायचं, आणि दुपारपर्यंत बाजारात कापसाच्या बैलगाड्या भाव चढायची वाट बघत अडून बसायच्या. असं दोनतीनदा झालं. शोध घेतला तर फुटायचं कुठून? चहावाल्याच्या तोंडून. आत ट्रे घेऊन जायचा, कान टवकारून बाहेर यायचा. तेव्हाचे साहेब भडकले. "चहावाला आत आला की भाव बाहेर जातो," असं म्हणून त्यांनी त्याला हाकललं आणि भिंत फोडून खिडकी करवली.

नवा चहावाला म्हणून उभे राहिले ते मंजुळाबाईंचे सासरे, भगवानराव. जवान पोरगा, खिशात दमडी नाही, पण इज्जतीला जपणारा. त्यांनी तापलेल्या दुधाच्या पातेल्यावर हात धरून साहेबांना शब्द दिला, "जोवर माहा चहा आत जाईन, तोवर माह्या घरचं मानूस तुमच्या बँकेत पाय ठेवनार नाही." साहेब गेले, शेठ गेले, तार गेली, कापसाचा भाव मोबाईलवर आला. झांबरे मात्र शब्दाला चिकटून राहिले. घरातला सगळा पैसा पोस्टात. महादेवराव, म्हणजे मंजुळाबाईंचे मालक, ते तर बँकेच्या पुढच्या रस्त्यानं जाताना पायऱ्यांच्या बाजूनंसुद्धा चालायचे नाहीत. पलीकडच्या कडेनं जायचे, उन्हात.

मंजुळाबाई लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "पन आत हाय काय?"

"बँक हाय," महादेवराव म्हणाले.

"थे मले समजते. पन कशी हाय?"

"चहा उकयून राह्यला, तिकडं पाय."

झालं. त्या दिवशी जो किडा डोक्यात शिरला तो काही निघाला नाही. बघता येत नाही म्हटल्यावर बाईनं कान लावले. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत लोखंडी दार वाजायचं, इतकं जड की फळीवरचे ग्लास शहारायचे. शिक्क्यांचा धपधप आवाज यायचा. आणि या सगळ्यांत एक आवाज असा होता की त्यानं बाईची झोप उडवली होती. दगडी फरशीवरून काहीतरी जड गडगडत यायचं. लांबून सुरू व्हायचं, भिंतीपाशी येऊन थांबायचं, आणि लगेच झडप उघडून हात बाहेर यायचा. चहा घेतला की झडप बंद, आणि पुन्हा गडगड लांब जायची.

काय असेल? महादेवराव म्हणायचे, नोटांची पेटी असेल, चाकावरची. ती जागेवर लावल्याशिवाय चहा प्यायची परवानगी नसेल. मंजुळाबाईंना ते पटायचं नाही. रोज पेटी भिंतीपाशी कशाला आणतील? एकदा त्यांना वाटलं तोफ असावी. दरोडा पडला तर उडवायला. हे त्यांनी फक्त रुपालीला, सुनेला सांगितलं, आणि रुपाली दोन दिवस पदर तोंडावर धरून हसत होती.

आणि हात! माणसं दिसत नसली तरी हात दिसायचे, आणि बाईनं तेवढ्यावर अख्खी बँक ओळखीची करून टाकली होती. बोटं दाखवायची तेवढे चहा, ही पद्धत. शाईनं निळा झालेला हात, अंगठी नवी आलेला हात, मेंदी उतरत चाललेला हात. एका हातावर पांढरे डाग होते. तो हात दर संक्रांतीला रिकाम्या ग्लासात तिळगूळ ठेवून परत करायचा. कित्येक संक्रांती ठेवला. मग एका एप्रिलात त्याच्या जागी दुसराच हात आला. मंजुळाबाईंना त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. रिटायर झाला की मेला, हे कुणाला विचारणार? झडपेला?

तर अशी वर्षं गेली. महादेवरावांचे गुडघे गेले, ते बोळाच्या टोकाला घरी खाटेवर बसून राहायला लागले. टपरी सासू-सुनेवर आली. आणि या उन्हाळ्यात बँकेचे मॅनेजर स्वतः बोळात येऊन उभे राहिले.

हे प्रसेनजित गवई, मोताळ्याचे. बदलून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, हा चहा येतो कुठून, आणि इमारतीला वळसा घालून बघायला आले होते. त्यांच्या आधीच्या एकाही साहेबाला हा प्रश्न पडला नव्हता. तेव्हापासून मंजुळाबाईंच्या मनात या माणसाबद्दल माया होती. चौकस माणूस चौकस माणसाला बरोबर ओळखतो.

"काकू, बँक चालली," गवई म्हणाले. "हायवेवर नवी जागा घेतली. काचेची. हा शुक्रवार इथला शेवटचा, शनिवार-रविवारी सामान हलवू."

"आन चहा?"

"तिथं मशीन आहे," गवई खाली बघून म्हणाले. बरं नाही वाटलं त्यांना, ते दिसत होतं. मग एकदम म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही आत या ना. सगळी बँक दाखवतो तुम्हाला. एकदा तरी बघा."

मंजुळाबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तोंडातून "हाव" निघणारच होतं, ते त्यांनी गिळलं आणि दुधावरच्या शब्दाची गोष्ट सांगितली. गवई आधी हसले, मग हसायचे थांबले.

"मग बँक गेल्यावर या. किल्ली चार दिवस माझ्याकडंच राहील."

"बँक गेल्यावर काय, भित्ताडं पाहू?" बाई तडकल्या. "थे कायचं पाहनं झालं? लगन उठल्यावर मांडव पाहाले जानं!"

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला, आणि घरात जुंपली.

"आबाईनं शब्द देल्ला होता," महादेवराव वडिलांचं नाव काढून म्हणाले.

"आबाले जाऊन किती सालं झाले."

"आबा मेले. शब्द मेला काय?"

रुपाली भाकरी वाढत होती. ती हळूच म्हणाली, "मामाजी, आबाईचा शब्द असा होता न, का जोवर चहा जाईन तोवर. मंग शुक्रवारी चहा देल्लाच नाही तं? आत्याबाई जाऊ शकतात न मंग."

इतकी वर्षं हा शब्द घरात घोकला गेला, पण त्यात अशी फट आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फट असली तरी सोपी नव्हती. कारण बँक उघडी आणि चहा नाही, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. महादेवरावांची आई गेली त्या दिवशीसुद्धा तिरडी बांधेपर्यंत त्यांनी सकाळचा चहा खिडकीत ठेवला होता, आणि हे ते अभिमानानं सांगत.

"आखरीच्या दिशी बँकेले उपाशी ठेवता?" ते म्हणाले. "साठ-सत्तर वर्साचं करेल एका दिशी मातीत घाला. आन कायच्यासाठी? तं आत कसं हाय थे पाहाले!"

"हाव, पाहाले!" मंजुळाबाईंचा आवाज चढला. "जिंदगी गेली माही त्या भित्तीले पाठ लावून. मेल्यावर मले कोनी पुसलं, का बाई काय पाहलं, तं काय सांगू? हाताचे पंज्ये?"

महादेवराव ताटावरून उठले. "जाशीन तं जा. मले सांगू नोको."

मंजुळाबाईंना वाईट वाटलं, रागही आला, आणि दोन्ही एकत्र आले की त्यांना भांडी घासावी लागत. त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासली.

शुक्रवार उजाडला. सकाळचा चहा त्यांनी दिला; तो अडवायला हात धजला नाही. दुपारी काउंटर बंद झाले. चारच्या सुमारास आत गडगड सुरू झाली, भिंतीपाशी येऊन थांबली. झडप उघडली आणि एक बारीक, लांब बोटांचा हात बाहेर आला. गुलाबी नेलपॉलिशचा. हा हात त्यांना तीन वर्षांपासून ठाऊक होता. हातानं पाच बोटं दाखवली.

मंजुळाबाई स्टोव्हपाशी बसून राहिल्या. बाजारातल्या हमालांचा चहा उकळत होता, आल्याचा वास बोळभर होता, आणि त्या बसून होत्या. हात थांबला. त्यानं फळीवर टकटक केलं. पुन्हा पाच बोटं दाखवली. मग बोटं हळूहळू मिटली आणि हात आत गेला. उपाशी लेकराला दारातून हाकलावं तसं वाटलं त्यांना. पण त्या उठल्या, पदरानं तोंड पुसलं, रुपालीला "बसजो" म्हणाल्या आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या रस्त्यावर आल्या.

पायऱ्या चढताना त्यांनी वर सिंहाकडे बघितलं. जवळून तर तो अगदीच बोका होता.

आत पाऊल ठेवलं आणि पहिल्यांदा लागला तो गारवा. बाहेर एवढी आग, आणि आत माठाच्या पोटात शिरल्यासारखं. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांवरून लोंबत होते. भिंतीतल्या काचेतून पिवळा-निळा उजेड फरशीवर पडला होता. मंजुळाबाई तोंड उघडं टाकून उभ्या राहिल्या. हे सगळं या भिंतीच्या पलीकडे होतं? आपण तिकडे रॉकेलच्या धुरात बसायचो तेव्हा हे इथं होतं?

"काकू, काउंटर बंद झालाय," एक मुलगी लाकडी जाळीमागून म्हणाली. "सोमवारी नव्या जागेत या."

मंजुळाबाई पुढे गेल्या. मुलगी वैतागलीच. "सांगितलं ना, आज काहीच होणार नाही. सकाळपासून नुसती बांधाबांध चालू आहे, त्यात चारचा चहासुद्धा आला नाही..."

बाईंनी आपला उजवा हात जाळीखालच्या फळीवर ठेवला. मनगटावर गोंदलेली तुळस, तिच्या बाजूला पोळल्याचा जुना डाग, हिरव्या काचेच्या बांगड्या.

मुलगी बोलता बोलता थांबली. तिनं त्या हाताकडे बघितलं, मग वर चेहऱ्याकडे, मग पुन्हा हाताकडे. "अगं बाई," ती म्हणाली, "चहा! म्हणजे... तुम्ही चहावाल्या काकू!"

"आन तू गुलाबी नखाची," मंजुळाबाई म्हणाल्या. "मागच्या श्रावनात हिरवे लावले होते. थे नोको लावत जाऊ, शोभत नाही तुले."

तिचं नाव समीक्षा. खामगावहून रोज रेल्वेनं यायची आणि पुढच्या दारानं तशीच स्टेशनला जायची. "तीन वर्षं तुमच्या हातचा चहा पिते मी," ती म्हणाली, "आणि मागे कोण बसतं ते बघायला एकदाही आले नाही हो." तिचा चेहरा लाल झाला होता. मंजुळाबाईंना तिची दया आली, पण आतून काहीतरी टोचलंही. आपण इकडे एकेका हातासाठी जीव टाकत होतो, आणि इकडच्यांना कधी साधा प्रश्नही पडला नव्हता. त्यांनी तो विचार बाजूला सारला. आज रुसायला वेळ नव्हता, बघायला खूप होतं.

गवई धावत आले. "काकू! आल्या तुम्ही!" आणि मग त्यांनी खरंच सगळी बँक दाखवली. लोखंडी दार उघडंच होतं; रोकड दुपारीच गेली होती. आत रिकामी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि लक्ष्मीची जुनी तसबीर.

"येवढंच?" मंजुळाबाई म्हणाल्या. मग त्यांनी हट्टानं ते दार स्वतः ढकललं. खांदा लावावा लागला. दार वाजलं, आणि तो आवाज या बाजूनं ऐकताना त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "हाच वं थो! हाच!"

"आता थे दाखवा," त्या म्हणाल्या. "गडगड."

"कसली गडगड?"

त्यांनी हातवारे करून, तोंडानं आवाज काढून सांगितलं. लांबून येते, भिंतीपाशी थांबते. गवईंना कळेना. समीक्षाला कळलं. ती खदखदून हसायला लागली आणि तिनं खिडकीपासून लांबच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं जुनी शिसवी खुर्ची होती, रुंद पाठीची, चार लोखंडी चाकांची. चहाच्या वेळी जो कुणी असेल तो त्या खुर्चीत बसून, पायानं रेटत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला खिडकीपाशी यायचा. उठायचा कंटाळा, दुसरं काय. पिढ्यानपिढ्या हेच चाललं होतं.

मंजुळाबाई खुर्चीकडे बघत राहिल्या. तोफ नाही, पेटी नाही. इतकी वर्षं ज्या आवाजानं जीव खाल्ला, तो कुणीतरी त्यांच्याच चहासाठी येत असल्याचा आवाज होता.

"बसू?"

"बसा ना."

त्या बसल्या. साडी सावरून पायानं रेटलं. खुर्ची गडगडत निघाली, रंगीत उजेडावरून, पंख्यांखालून, आणि खिडकीपाशी येऊन थांबली. बाईंनी झडप उघडली. समोर फळी, वर आडवी पट्टी, आणि तेवढ्याशा फटीतून जिनिंगच्या भिंतीचा एक तुकडा. बस. ना टपरी दिसत होती, ना रुपाली. आल्याचा वास मात्र येत होता. इकडून आपण इतकेच होतो तर. वास आणि हात.

त्यांना एकदम चहाची तल्लफ आली, आणि त्याबरोबर मघाचा तो रिकामा परत गेलेला हात आठवला. आता या खिडकीत चहा येणार नव्हता. ते आपण केलं. घरी तो म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला असेल. बघायचं ते बघून झालं होतं.

तेवढ्यात फळीवर टकटक झाली.

बाहेरून एक हात आत आला. त्यात चहाचा ग्लास होता. चहा हिंदकळून बोटांवरून सांडत होता, पण हात मागे होत नव्हता. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. ते नख खलबत्त्यात आलं कुटताना फुटलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आणि हळद मंजुळाबाईंनीच भरली होती. हा हात त्यांनी जन्मभर पाहिला होता. इकडून आज पहिल्यांदा.

बोळाच्या टोकापासून इथवर, त्या गुडघ्यांनी.

"अवो," त्या फटीपाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "अवो, मी आत हाय न. चहा आत आला... आबाचा शब्द मोडला तुमच्या हातानं."

बाहेर रुपालीच्या बांगड्या वाजल्या, बहुतेक तिनं म्हाताऱ्याला दंडाला धरलं होतं.

"मोडला तं मोडला," महादेवरावांचा आवाज आला. "घे वं लवकर, हात पोयून राह्यला."